‘उत्तम स्थितीत’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

कॉलेजे सुरू झाली, गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी लागल्या, की छोट्या जाहिरातींत जुन्या बास गिटारी दिसू लागतात. ‘उत्तम स्थितीत, कव्हर व वायरसह.’ बस्स, एवढेच. घेणारा पोरगा जातो, पॉलिश बघतो, बासच्या डोक्यावर (चाव्या असतात त्या टोकावर) छापलेले नाव वाचतो, अ‍ॅम्पमधून आवाज आला की पैसे मोजतो. वास्तविक खरखरणारा पॉट (आवाज कमीजास्त करायची कळ), सैल जॅक, सुटलेले सोल्डर ही काही शे रुपयांची कामे. डोक्यावरचे स्टिकर तर सुटेही विकत मिळतात. बास घ्यावी की सोडावी हे ठरते नेकवर, म्हणजे बोटे दाबून वाजवतात त्या लांब दांडीवर, आणि नेमका तोच कुणी बघत नाही.

३४ इंची (म्हणजे तारेची वाजती लांबी ३४ इंच) बासच्या चार तारा सुरात असताना मिळून ७० ते ८० किलोंचा ताण देतात. हा ताण नेकला वर्षानुवर्षे पुढे ओढत असतो. त्याला आतून आवर घालते ती ट्रस रॉड नावाची पोलादी सळई. म्हणून पहिली गोष्ट, बास आधी फोनवरच्या ट्यूनरने ई, ए, डी, जी अशी पूर्ण सुरात लावावी. तारा ढिल्या असताना बाकदार नेकही सरळ दिसतो. कपाटावर ढिली पडून असलेली बास सुरात लावल्यावर अर्धा तास तशीच ठेवावी, मग तपासावी. चहा तेवढ्यात होतो.

आता ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघाव्यात. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर नेक पिळलेला आहे. तो ट्रस रॉडने सरळ होत नाही. नमस्कार करून निघावे. पीळ नसेल तर जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आणि दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबावी. तार आता पट्टीसारखी सरळ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तिच्याखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास, अर्ध्यापर्यंत चालते. रुपयाचे नाणे आरामात जात असेल तर नेक पुढे झुकला आहे. फट मुळीच नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार झणझणत असेल तर नेक मागे गेला आहे.

बाक असणे हा दोष नव्हे, तो निघत नसणे हा दोष. तेव्हा नेक पुढे झुकला असेल तर विकणाऱ्यालाच सांगावे, तारा थोड्या सैल करून रॉडचा नट पाव फेरा आवळा. (दुसऱ्याच्या वाद्यावर आपण पाना चालवू नये, नट तुटला तर भांडण आपल्या पदरात.) पुन्हा सुरात लावून फट कमी झाली का ते बघावे. नट नुसताच गरगर फिरतो आणि फट जिथल्या तिथे राहते, तर आटे गेले आहेत किंवा रॉड तुटला आहे. नट शेवटापर्यंत आवळलेला आणि फट तरीही तेवढीच, तर रॉडची ताकद संपली. दोन्ही प्रकारांत बास स्वस्त नसते. काही जुन्या बासचा नट बॉडीकडच्या टोकाला असतो. तिथे चार स्क्रू काढून नेक सोडवावा लागतो. विकणारा त्याला तयार नसेल तर रॉड चालत नाही असे धरूनच भाव करावा.

एक खोट मात्र भल्याभल्यांना चकवते. नेक सरळ, खालचे फ्रेट स्वच्छ, पण बाराव्याच्या पुढे सगळे झणझणते. नेकचे बॉडीकडचे टोक वर उचलले गेलेले असते. रॉडचा जोर नेकच्या मध्यावर पडतो, या टोकाला तो काहीच करू शकत नाही. तिथले फ्रेट घासून उतरवावे लागतात, आणि ते काम प्रत्येक दुकानात नीट होत नाही.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर मोजावी. ई तारेखाली अडीच आणि जी तारेखाली दोन मिलिमीटर म्हणजे झकास. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) पार तळाला टेकलेले असूनही तार चार-पाच मिलिमीटर वर असेल तर नेकचा कोन बिघडला आहे. नेक स्क्रूने बसवलेला असेल तर घाबरू नये. नेक बसतो त्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घातली की ब्रिजपाशी दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. नेक चिकटवलेला असेल तर हा उपाय नाही.

नेक पास झाला की बाकीचे पटापट. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर चटकन विझला तर तेवढ्यावरून बास नाकारू नये, महागड्या बासमध्येही हे असते. मुंबई-कोकण-गोव्यात ब्रिजचे बारीक स्क्रू गंजून जाम झालेले सापडतात. ते फिरत नसतील तर बाराव्या फ्रेटचा सूर जुळवता येणार नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसून फ्रेटची टोके कडेने बाहेर येतात, तळहाताला करवतीसारखी लागतात. ती कानसून बसतात. पट्ट्याचा स्क्रू भोकात सैल झाला असेल तर आगकाडी आणि फेविकॉल. प्लायवुडची बॉडी हे न घेण्याचे कारण नव्हे.

अ‍ॅम्प नसेल तर बासचे डोके लाकडी कपाटाला टेकवून वाजवावे. कपाटच बोलू लागते आणि झणझण लपत नाही. पिकअपसाठी (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी कॉईलसाठी) मल्टिमीटर न्यावा. साध्या, बिनबॅटरीच्या बासचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून वायरच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मोजावे. ३ ते १२ किलोओम आले तर कॉईल शाबूत. १०० किलोओमच्या वर आकडा आला तर कॉईल किंवा तिची वायर तुटली आहे, दिसतो आहे तो फक्त पॉटचा आकडा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत नसेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटलेली असते, पाच मिनिटांचे काम. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा बासचा नसतो; अ‍ॅम्पचा किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा असतो. अशा जागी माइकला ओठ लावून बास वाजवणे जिवावर बेतू शकते.

डोक्याजवळच्या नटपासून (रॉडचा नट नव्हे, तारा ज्या खाचांत टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करावे: १७ इंच भरले तर ३४ इंची, १५ भरले तर ३० इंची. जुन्या जपानी बास पुष्कळदा ३० इंची असतात आणि त्यांना आखूड तारांचा संच लागतो. लांब तारांचा जाड भाग चावीवर गुंडाळला की तो तिथेच पिचतो. संच दोन हजारांच्या घरात जातो, तोही किमतीत धरावा. बास, तारा आणि दुरुस्ती मिळून नव्या साध्या बासच्या दोन तृतीयांशांवर बेरीज गेली तर नवीच घ्यावी.

जाहिरातीत शब्दांचे पैसे पडतात हे मान्य. पण ‘उत्तम स्थितीत, कव्हर व वायरसह’ याच्या जागेत ‘३४ इंची, स्क्रूचा नेक, रॉड चालू, जी तारेखालचे चार फ्रेट झिजलेले’ एवढे सहज मावते. आम्ही तरी फोन आधी त्यालाच करू.

आपला,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर, पुणे