मेलेली कोंबडी खाडीत का टाकावी लागते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोराईला खाडीपलीकडे आमचं घर आहे. मागच्या अंगणात आंब्याखाली खुराडं आहे आणि त्यात सासूबाईंच्या काळापासून चालत आलेली गावठी कोंबड्यांची पैदास. सकाळी दार उघडायचं, मूठभर कणी टाकायची, की दिवसभर त्या वाडीत, कुंपणाबाहेर, अगदी किनाऱ्यापर्यंत चरून येतात आणि दिवेलागणीला आपल्या आपण परत. गेल्या ऑगस्टमध्ये, पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या त्याच सुमारास, चौतीसपैकी अकरा कोंबड्या चार दिवसांत मेल्या. त्या कशाने मेल्या हे कळायला मला जी वणवण करावी लागली, त्याबद्दल हे पत्र लिहिते आहे.

मुंबईत कोंबड्या पाळतं कोण, असं काहींना वाटेल. गोराई, मनोरी, मढ, एरंगळ, आरेतले पाडे इथे या, दारोदार दिसतील. घरातल्या बाईच्या हातात अंड्यांचे चार पैसे येतात, पाहुणा आला तर एक कोंबडी कापली जाते, आजारी माणसाला सूप होतं. या कोंबड्यांची कुठे नोंद नसते, म्हणून त्या मेल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही.

पहिली गेली ती काळी तलंग. सकाळी खुराडं उघडलं तर ती बाहेर आलीच नाही. हातात घेतली तर पाय लुळे, पंख खाली सांडलेले, डोळे अर्धे मिटलेले. दुपारपर्यंत मान जमिनीला टेकली. पाण्याची वाटी पुढे धरली तेव्हा तिने चोच पाण्यात घातली, पण ती चोच तिला वर उचलता येईना. मीच डोकं धरून वर केलं. संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन तशाच बसून राहिल्या.

शेजारच्या मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "मानमोडी आली गं, आता एक राहायची नाही." मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा विषाणूमुळे होणारा साथीचा रोग. हा रोग आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे कोंबडीची मान गेली की दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. मग सल्ले सुरू झाले. लसूण-हळद भरव, औषधाच्या दुकानातली पिवळी पावडर पाण्यात घाल, आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला सल्ला म्हणजे, "उरलेल्या आजच्या आज विकून टाक, निदान पैसे तरी येतील." पावडर मी घातली. विकायला मात्र मन झालं नाही. आपल्या घरात मरणारी कोंबडी दुसऱ्याच्या ताटात किंवा दुसऱ्याच्या खुराड्यात कशी पाठवायची?

तिसऱ्या दिवशी मेलेला कोंबडा दोन पिशव्यांत बांधला, बाजूला बर्फ ठेवला, आणि होडीने बोरिवलीला येऊन तिथून उपनगरातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथे मला पिशवी उघडूही दिली नाही. "इथे कोंबड्यांचं काही होत नाही, पुरून टाका," एवढंच उत्तर. मी विचारलं, मग कुठे होतं? ते त्यांनाही सांगता आलं नाही. तीन तास गेले आणि तोच कोंबडा घेऊन मी परत होडीत बसले. आमच्याकडे मेलेल्या कोंबड्या लोक सरळ खाडीत टाकतात. त्याची मला चीड होती. त्या दिवशी होडीत मांडीवर ती पिशवी घेऊन बसल्यावर कळलं, की लोक तरी दुसरं काय करणार?

ओळखीतून एका तरुण पशुवैद्यकाचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, मान पिळवटलेली आहे की गळून पडली आहे?" तीन दिवस मी त्या माना बघत होते आणि हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. राणीखेतमध्ये मान पीळ घातल्यासारखी वळते, कोंबडी गोल गोल फिरते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पातळ शिटते. आमच्या कोंबड्यांच्या माना नुसत्या सैल पडल्या होत्या, ओल्या फडक्यासारख्या. दुसरा प्रश्न, "पिसं ओढून बघा, सहज हातात येतात का?" ओढली, तर मूठभर आली. तिसरा प्रश्न, "आसपास काही सडलेलं पडलंय का?"

पडलं होतं. आमच्या कुंपणापासून पन्नास-साठ पावलांवर किनाऱ्याला न विकली गेलेली बारीक मासळी आणि साफ केलेल्या माशांची डोकी-आतडी टाकलेली होती. पावसाने त्याचा चिखल झाला होता आणि वर पांढऱ्या अळ्यांचा नुसता थर. आमच्या कोंबड्या आठवडाभर तिथेच उकरत होत्या. मी ते बघितलं होतं, आणि फुकटात चांगलं खाणं मिळतंय म्हणून मला बरंच वाटलं होतं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्या रात्री मेलेली एक कोंबडी त्यांनी उघडली. गळ्याखालची पिशवी अळ्यांनी भरलेली होती. बाकी आतडी, काळीज, जठर जवळजवळ स्वच्छ. राणीखेत असता तर जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसण्याची शक्यता होती, असं त्यांनी दाखवून सांगितलं. त्यांचा निष्कर्ष बोट्युलिझम. सडणाऱ्या मांसात, माशात हवा पोचत नाही तिथे एक जीवाणू वाढतो आणि विष तयार करतो. अळ्यांना त्या विषाने काही होत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठतं. थोड्याशा अळ्या खाल्ल्या तरी कोंबडीचे स्नायू लुळे पडत जातात. आधी पाय, मग पंख, मग मान, शेवटी श्वास. "पक्कं सांगायचं तर रक्तात विष आहे का ते प्रयोगशाळेत बघावं लागेल," असंही त्यांनी बजावलं. ती सोय आमच्या हाताशी नव्हती. पण करायचं काय ते स्पष्ट होतं. तो ढीग खड्डा करून चुना टाकून पुरला, कोंबड्या आठ दिवस कोंडून ठेवल्या, आजारी होत्या त्या पाचांना वेगळं करून डॉक्टरांनी दिलेल्या मापाने जुलाबाचं मीठ पाण्यातून दिलं आणि ड्रॉपरने थेंब थेंब पाणी पाजलं. पाचातल्या तीन वाचल्या. नवी एकही पडली नाही.

म्हणजे ती पिवळी पावडर फुकट गेली होती, कारण विषावर प्रतिजैविक चालत नाही. लस टोचली असती तर तीही फुकट गेली असती. आणि उलट, खरोखर राणीखेत असता तर ढीग पुरून काही झालं नसतं, तो रोग चपलांना, टोपल्यांना, कावळ्यांना लागून वाडीभर गेला असता. दोन्ही रोगांत मान जाते, पण उपाय अगदी वेगळे. एक कोंबडी उघडून बघितल्याशिवाय हे ठरत नाही, आणि नेमकं तेच करायला या शहरात सामान्य माणसाला जागा मिळत नाही.

हा प्रश्न आमच्या अकरा कोंबड्यांपुरता नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि त्याच दिवसांत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुनेही भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचे निघाले. कावळे तर आमच्या अंगणात कोंबड्यांच्याच वाटीतलं पाणी पितात. मोकळ्या कोंबड्या हा रोग सगळ्यांत आधी दाखवतील, पण आपण नेमकं त्यांनाच दारावरून परत पाठवतो.

प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९चा कायदा मालकाने रोगाचा संशय आला की कळवावं असं सांगतो. कळवायला आम्ही तयार आहोत. पण लोक घाबरतात, की कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारून टाकतील. त्यांना हे कुणी सांगत नाही की बर्ड फ्लूमध्ये सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे उशिरा कळवण्यात नुकसान मालकाचंच. हे साध्या मराठीत लिहिलेलं एक पत्रक वाडीवाडीत लागलं तर निम्म्या लपवाछपव्या थांबतील, असं मला मनापासून वाटतं.

राणीखेतच्या लशीचंही तेच. लस महाग नाही. पण बाटली येते शंभर, दोनशे, पाचशे, हजार मात्रांची, ती थंडच ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे बारा कोंबड्या आहेत ती बाटली कशी घेणार? आम्ही यंदा सहा घरांनी मिळून एक बाटली आणली. थर्मासमध्ये बर्फ घालून होडीतून आणली आणि एका सकाळी एकशे दहा पक्ष्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकून संपवली. डॉक्टर बरोबर होते म्हणून जमलं. ज्या वाडीत डॉक्टर नाही तिने काय करायचं?

परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे कोंबडीचं शवविच्छेदन करता येणारी माणसं मुंबईत आहेत. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे नमुने तपासले जातात. आमची मागणी फार मोठी नाही. बोरिवली, मालाड, गोरेगावच्या बाजूला एका तरी सरकारी दवाखान्यात आठवड्यातले ठरलेले दिवस मेलेला पक्षी घ्यावा, उघडून बघावा, गरज पडली तर नमुना पुण्याला पाठवावा आणि निकाल मालकाला फोनवर कळवावा. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, खाडीपलीकडच्या वाड्यांत आणि आरेतल्या पाड्यांत लशीचा दिवस ठेवावा. आणि महापालिकेने किनाऱ्यावरची टाकाऊ मासळी मासेमारीबंदी उठल्यापासून रोज उचलावी. आमच्या कोंबड्या त्या ढिगानेच मेल्या.

कोंबड्या पाळणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. मेलेला पक्षी उघड्या हाताने धरू नका, पिशवी हातात उलटी घालून उचला. तपासायला न्यायचा असेल तर बर्फात किंवा थंड जागी ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी न्या. घरी स्वतः उघडून बघू नका. न्यायचा नसेल तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. बाजारातून नवी कोंबडी आणली तर पंधरा दिवस डालग्याखाली वेगळी ठेवा. आणि आजार आला की विकू नका, कितीही नुकसान झालं तरी.

परवा मनोरीची एक मुलगी होडीवर भेटली. हातात पिशवी, पिशवीत बर्फ, बर्फात तिची मेलेली कोंबडी. माझ्याबद्दल तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने विचारलं, "काकी, फेकली नाही मी. आता ही कुठे दाखवू?" मी तिला त्या तरुण डॉक्टरांचा नंबर दिला. ते त्या दिवशी गावाला गेले होते.

आपली,
एक वाचक, गोराई, मुंबई