पाकिस्तानच्या रोजच्या बातम्यांसाठी आठवड्यातून एक स्तंभ हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची ई-आवृत्ती मी इंग्लंडमधील वेस्ट यॉर्कशरमध्ये रोज सकाळी वाचते. पाकिस्तानविषयीचा मजकूर आपल्याकडे साधारण तीन निमित्तांनी येतो. सीमेवर काही घडले की पहिल्या पानावर, क्रिकेटचा सामना असला की क्रीडा पानावर आणि तिकडे पिठाचा भाव चढला की आतल्या पानावरच्या चौकटीत. पहिल्या दोन प्रकारांबद्दल माझे काही म्हणणे नाही; तिसऱ्यातला खुशीचा सूर मात्र मला खटकतो, कारण पिठासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईचे सीमेवरच्या घडामोडींवर काडीचेही नियंत्रण नसते. 2023 च्या जनगणनेनुसार 24 कोटींहून अधिक लोकसंख्या असलेल्या या देशात एरवी काय चालते, शाळा-कॉलेजांत, शेतात, विजेच्या बिलात, याची थोडी माहिती मराठी वाचकाला नियमित मिळावी, यासाठी आपण आठवड्यातून एक छोटा स्तंभ सुरू करावा, अशी माझी विनंती आहे. ही कल्पना माझ्या डोक्यातली नाही. ती मी जिथे नोकरी करते त्या विद्यापीठातील पाकिस्तानी विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक मंडळाकडून घेतलेली आहे.

मी ग्रंथालयाच्या काउंटरवर बसते. दर शुक्रवारी दुपारी या मंडळाचे कोणीतरी पोर येते आणि दोन्ही बाजूंनी छापलेल्या एकपानी पत्रकाच्या दहा-बारा प्रती माझ्यासमोर ठेवून जाते; तेच पत्रक ईमेलनेही सर्वांना जाते. पुढच्या बाजूला मायदेशातील आठवड्याच्या बातम्या, दोन-चार ओळींत एकेक, कोणत्या वृत्तपत्रातून घेतली त्याच्या उल्लेखासह. मागच्या बाजूला विद्यापीठातले कार्यक्रम: रमजानातील सामुदायिक इफ्तार, मुशायरा, नव्या विद्यार्थ्यांसाठी बँकेत खाते कसे उघडावे याची बैठक, आणि वर्षातून एकदा होणारे खोटे लग्न, ज्यात नवरा-नवरी सोडतीने निवडतात, मेहंदी मात्र खरी काढतात. भाषा इंग्रजी, मध्येच रोमन लिपीतील उर्दू. छपाई सुमार असते आणि पहिल्या पानाचा मजकूर बऱ्याचदा शाईअभावी फिकट निघतो, पण गेल्या काही वर्षांत मी त्याचा एकही अंक न वाचता टाकलेला नाही.

आता त्यात मला काय मिळाले, ते सांगते. 2024 च्या हिवाळ्याच्या तोंडावर लाहोरची हवा इतकी बिघडली की प्रदूषणाचा निर्देशांक हजारावर गेला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दिल्लीच्या धुरक्याबद्दल त्याच दिवसांत आपण पानभर छापत होता. तेच धुरके सरहद्दीपलीकडेही मुलांच्या छातीत जात होते आणि पंजाबच्या दोन्ही बाजूंना कापणीनंतर उरलेले भाताचे खुंट जाळण्यावरून तेच वाद चालू होते, हे मला या पत्रकातून कळले. त्याच सुमारास सिंधमधील वैद्यकीय प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारींवरून तेथील उच्च न्यायालयाने परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला. आपल्याकडे ‘नीट’चा गोंधळ होऊन चार-पाच महिनेच झाले होते. लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षे काढलेल्या मुलाच्या बापाला ही बातमी समजावून सांगावी लागली नसती.

विजेचेही तसेच. भारनियमन हा शब्द मराठी शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही, आणि ‘लोडशेडिंग’ हा शब्द पाकिस्तानात तितकाच घरगुती आहे. तेथे विजेचे दर इतके वाढले की लोकांनी सरकारची वाट न पाहता घरांच्या गच्चीवर, कारखान्यांच्या पत्र्यांवर आणि विहिरींच्या कडेला सौर पॅनेले बसवायला सुरुवात केली. 2024 या एका वर्षात त्या देशाने सुमारे 17 गिगावॉट क्षमतेची पॅनेले आयात केली, त्यातली बहुतेक चीनमधून. पत्रकात या विषयावर चार ओळी आल्या, त्या दिवशी मुलतानकडचा एक विद्यार्थी मला काउंटरवर मोबाइलमधला फोटो दाखवत होता: म्हशींच्या गोठ्याच्या छपरावर निळ्या काचा, खाली त्याचे वडील बाजेवर बसलेले. “आंटी, अब्बा आता रात्री नाही, दुपारी पाणी देतात,” असे तो म्हणाला. रात्री-अपरात्री थ्री-फेजची वाट पाहत मोटार चालू करायला शेतात जाणारे माझे मामा मला आठवले. या सौर लाटेची दुसरी बाजूही आहे. पैसेवाले ग्रिडवरून बाजूला झाले की उरलेल्या गरिबांच्या माथी वीज कंपन्यांचा स्थिर खर्च पडतो. आपल्याकडे सौर पंपांच्या योजना चालू असताना शेजारी काय घडते आहे, हे जळगाव-परभणीच्या वाचकाला उपयोगाचे नाही काय?

आपण म्हणाल, या बातम्या आणायच्या कोणी? अडचण खरी आहे. दोन्ही देशांनी एकमेकांच्या राजधानीत मोजक्या वार्ताहरांना राहू द्यायचे, अशी पद्धत होती. मे 2014 मध्ये ‘द हिंदू’च्या मीना मेनन आणि पीटीआय वृत्तसंस्थेचे स्नेहेश ॲलेक्स फिलिप या इस्लामाबादेतील दोघा भारतीय वार्ताहरांचा व्हिसा पाकिस्तानने वाढवून दिला नाही, आणि ती खुर्ची रिकामी झाली. एप्रिल 2025 मध्ये आपल्या सरकारने डॉन, जिओ, समा अशा पाकिस्तानी वृत्तवाहिन्यांची यूट्यूब चॅनेले भारतात बंद केली. म्हणजे तिकडे आपला माणूस नाही आणि इकडे त्यांचा आवाज नाही. मग जे उरते ते दोन्ही बाजूंच्या रात्रीच्या चर्चांतील आरडाओरडीवर चालते. अशा वेळी परदेशातल्या विद्यापीठात बसून दोन्हीकडची वृत्तपत्रे वाचू शकणारी ही वीस-बावीस वर्षांची मुले करतात तेवढे काम एखाद्या दैनिकाच्या डेस्कला अशक्य नसावे, असे मला नम्रपणे वाटते.

या मुलांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मंडळ म्हणजे एकजिनसी गठ्ठा नाही. निम्मी मुले लाहोर, कराची, पेशावरहून शिकायला आलेली. निम्मी जवळच्याच ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेली. ब्रॅडफर्डमधील दर चार माणसांमागे एक पाकिस्तानी वंशाचा आहे आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर भागातून आलेली आहेत. 1960 च्या दशकात मंगला धरण बांधले गेले तेव्हा तेथील लाखभर लोक विस्थापित झाले, आणि त्यांतल्या अनेकांनी इथल्या कापड गिरण्यांची वाट धरली. कोयनेचे पाणी चढल्यावर मुंबईच्या गिरणीत जाऊन राहिलेल्या घरांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. तर ही ब्रॅडफर्डची मुले घरात पोठोहारी ही पंजाबीच्या जवळची बोली बोलतात, त्यांना उर्दू वाचता येत नाही आणि इस्लामाबादेतील सत्तापालटाशी त्यांचे फारसे देणेघेणे नसते. त्यांच्यासाठी पत्रकातल्या बातमीला दोन ओळींची पूर्वपीठिका जोडावी लागते. लाहोरहून आलेल्याला ती पूर्वपीठिका नको असते, त्याला घराची आठवण आलेली असते. एकाच पानात दोघांना सांभाळण्याची ही कसरत पाहिली की वाटते, हाच प्रश्न मराठी स्तंभलेखकापुढेही असणार, आणि तो सुटण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दर वर्षी मार्चमध्ये मंडळाच्या कार्यकारिणीची निवडणूक होते, तेव्हा पाकिस्तानातून आलेली मुले त्या फालतू वाटणाऱ्या निवडणुकीत इतकी का रमतात, हे मला कोडे होते. मग एकीने सांगितले की तिच्या देशात तेव्हाचे लष्करी शासक जनरल झिया यांनी 1984 मध्ये विद्यार्थी संघटनांवर बंदी घातली. बेनझीर भुट्टो सत्तेवर आल्यावर ती काही काळ उठली, पण प्रत्यक्षात निवडून आलेली विद्यार्थी संसद तिच्या पिढीने पाहिलीच नाही. कित्येक ठिकाणी प्रवेश घेतानाच राजकारणात भाग घेणार नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे तेथील विद्यापीठांत मुले एकत्र येतात ती प्रांतवार सांस्कृतिक परिषदांच्या नावाखाली: पश्तून, बलुच, सिंधी. जून 2023 मध्ये इस्लामाबादच्या कायदे-आझम विद्यापीठात सिंधी मुलांच्या परिषदेने होळी खेळली. हिंदू-मुसलमान मुले रंगात न्हाऊन निघाली, चित्रफिती जगभर गेल्या. तेथील उच्च शिक्षण आयोगाने लगेच अशा सणांवर नापसंतीचे पत्रक काढले आणि देशातच टीका झाल्यावर ते मागे घेतले. होळीची चित्रफीत आपल्याकडे मोबाइलवर फिरली असेल. पत्रक मागे घ्यायला लावणारी टीका पाकिस्तानी नागरिकांनीच केली, हा भाग किती जणांपर्यंत पोहोचला, याची मला शंका आहे.

विद्यार्थ्यांच्या कागदांना हलके समजू नये, असे म्हणायला एक जुने उदाहरणही आहे. ज्या नावाचा देश पुढे झाला ते नाव प्रथम छापले गेले ते जानेवारी 1933 मध्ये, केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांच्या छोट्या पत्रकात. तेव्हा मोठ्या नेत्यांनी ती विद्यार्थ्याची कल्पना म्हणून उडवून लावली होती. पुढचे आपण सारे जाणतो. हे गृहस्थ 1951 मध्ये केंब्रिजमध्येच वारले आणि तेथेच पुरले गेले.

माझी या मुलांवर आंधळी माया आहे, असे मात्र कोणी समजू नये. पहलगाम येथे 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्यांपैकी तिघे माझ्या माहेरच्या, डोंबिवलीचे. त्यानंतरच्या पत्रकात ‘पहलगाममधील दुःखद घटनेबद्दल’ अशी एक ओळ होती. प्रती घेऊन आलेल्या मुलीला मी थांबवले आणि म्हटले, बेटा, घटना अपघाताला म्हणतात. माणसांची नावे विचारून गोळ्या घातल्या तर त्याला दुसरा शब्द आहे. ती लाल झाली, काही बोलली नाही, प्रती ठेवून निघून गेली. मला वाटले, आता ही पोर पुन्हा यायची नाही. पुढच्या शुक्रवारी ती आली. ओळ बदललेली होती: ‘पर्यटकांवरील हल्ल्यात ठार झालेल्यांना’. हल्ला कोणी केला, याबद्दल अक्षर नव्हते, आणि ते मी अपेक्षितही धरले नव्हते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्हीकडून क्षेपणास्त्रे सुटत असताना निघालेल्या अंकात तर बातम्यांचे पान जवळजवळ कोरे होते: कोणती उड्डाणे रद्द झाली आणि परीक्षेचा पेपर चुकल्यास कोणाला भेटावे, एवढेच. तो अंक मला सर्वांत प्रामाणिक वाटला.

इतर बाबतींत ते गप्प बसतात, हेही नोंदवायला हवे. बलुचिस्तानातून बेपत्ता झालेल्यांचे नाव क्वचित येते. नोबेल मिळवणारे पहिले पाकिस्तानी, भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम, याच देशात केंब्रिजला शिकले आणि लंडनला शिकवत होते. पण ते पाकिस्तानच्या कायद्याने बिगरमुस्लिम ठरवलेल्या अहमदिया पंथाचे, आणि रबवा येथील त्यांच्या थडग्यावरील ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकण्यात आला. त्यांच्यावर मी या पत्रकात कधी काही वाचले नाही. म्हणून आपला स्तंभ एखाद्या मंडळाच्या पत्रकाचा अनुवाद असू नये. कल्पना घ्यावी, निवड आपली असावी.

आणि निवड मराठी नजरेची असावी, कारण आपल्याला दिसेल ते त्यांना दिसणार नाही. कराचीचा एक विद्यार्थी गप्पांच्या ओघात म्हणाला की त्याच्या घराजवळची ‘एनजेव्ही’ ही शहरातली जुन्यातली जुनी सरकारी शाळा आहे. या अक्षरांचा अर्थ काय, हे त्याला माहीत नव्हते. नारायण जगन्नाथ वैद्य, असे मी त्याला कागदावर लिहून दिले: मुंबई इलाख्यातून सिंधमध्ये जाऊन तेथील शिक्षण खात्यात राबलेला मराठी माणूस, आणि शाळा 1855 ची. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. आजही कराचीत काही मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांच्याकडे गणपती बसतात. त्या मुलाने चिठ्ठीचा फोटो काढून घरी पाठवला. पुढच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला, मुशायऱ्याच्या सूचनेखाली, वैद्यांचे पूर्ण नाव चुकीच्या स्पेलिंगसह छापून आले.

स्तंभास तीनशे शब्द पुरेत. जागा संपादकीय पानावरच हवी असे नाही. शेतीच्या किंवा शिक्षणाच्या पानाच्या तळाशी चालेल. डेस्कवर मनुष्यबळाची अडचण असल्यास दर शनिवारी पाच-सहा बातम्यांचा मराठी गोषवारा, मूळ वृत्तपत्राच्या नाव-तारखेसह, पाठवण्याची माझी तयारी आहे. मानधनाची अपेक्षा नाही. मात्र प्रत्येक बातमी आपल्याकडून पडताळून घ्यावी आणि ‘पाकव्याप्त’सारख्या शब्दांबाबत आपल्या दैनिकाचा जो प्रघात असेल तो मला आधी कळवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा वेळ वाचेल.

आपली नम्र,
एक वाचक
वेस्ट यॉर्कशर, इंग्लंड (मूळ डोंबिवली)