नकाशावरची रेघ कुठल्या जातीची तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जगातल्या प्रदेशांचा रंगीत नकाशा आला होता. दिसायला मस्त, पण हवामानाचे पट्टे, अमेरिकेतले महानगर प्रदेश आणि मिडल ईस्ट हे सगळं एकाच जाडीच्या काळ्या रेघेने वेगळं केलंय, आणि ते काही पटलं नाही बुवा. भूगोलवाले प्रदेशाचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात आणि तिन्हींची सीमा वेगवेगळ्या पद्धतीने ठरते.

पहिला औपचारिक प्रदेश, म्हणजे एखादा गुणधर्म सगळीकडे सारखा असलेला. कोपेन या हवामानशास्त्रज्ञाचं हवामान वर्गीकरण घ्या (पहिली आवृत्ती १८८४ची, नंतर सुधारणा होतच राहिल्या). पाऊस पुरेसा असेल आणि सर्वात थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर तो भाग उष्ण कटिबंधीय, आणि सर्वात उबदार महिनासुद्धा १० अंशांच्या खाली राहत असेल तर ध्रुवीय. आता हे १० अंश कुठून आले? तर साधारण त्याच रेषेपलीकडे झाडं वाढत नाहीत, आणि कोपेन मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, त्यामुळे त्याने झाडं बघून आकडे बसवले. म्हणजे ही रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही, माणसाने निकष निवडलाय, निकष बदला की रेघ सरकली. शिवाय १७.९ आणि १८.१ अंशांच्या गावांमध्ये प्रत्यक्षात काय फरक दिसणार!

दुसरा कार्यात्मक प्रदेश. इथे सारखेपणा बघतच नाहीत, एक केंद्र असतं आणि त्याच्याशी आजूबाजूचा भाग किती जोडलेला आहे ते बघतात. अमेरिकेत महानगर प्रदेश ठरवताना किमान ५०,००० वस्तीचा शहरी गाभा धरतात आणि शेजारच्या काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किमान २५ टक्के कामगार रोज गाभ्याच्या काउंटीत कामाला जात असतील तर ती काउंटी आत घेतात (उलट दिशेने येणाऱ्यांचाही असाच नियम आहे). उद्या लोक घरून काम करायला लागले तर डोंगर-नद्या जागच्या जागी राहून प्रदेश आक्रसू शकतो.

तिसरा मात्र खरा मजेशीर, लोकांच्या डोक्यातला प्रदेश. मिडल ईस्टमध्ये इजिप्त धरतात, तुर्कस्तान कधी आत कधी बाहेर, अफगाणिस्तानवर तर एकमतच नाही. हे मोजायचं कसं? विल्बर झेलिन्स्की नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९८०मध्ये टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळून दुकानं-कंपन्यांच्या नावात कुठल्या प्रदेशाचं नाव किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून उत्तर अमेरिकेचे असे प्रदेश काढले, मला तर ही आयडिया भन्नाटच वाटते. पण अशा प्रदेशाला कडा नसते हो, नाव हळूहळू विरळ होत जातं आणि शेजारचं सुरू होतं.

मग त्याला ठसठशीत काळी रेघ कशाला? पुढच्या वेळी तिथे रंग फिकट होत गेलेला दाखवा, आणि हवामान व महानगरांच्या सीमांखाली बारीक अक्षरात का होईना पण निकष आणि वर्ष छापा, जागा कमी पडत असेल तर शीर्षक लहान करा.

आपला,
एक नियमित वाचक