मनू, तुझ्या लँडिंगबद्दल

प्रिय मनू,

व्हिडिओ मिळाला. आई आणि मी दोघंही परत परत बघून राहिलो. आईला खाली दिसणारी खाडी आणि ती मिठागरं आवडली, मी मात्र सगळा वेळ एअरस्पीडच्या डायलकडेच बघत होतो, इतकी वर्षं नागपूरला स्टुडंटच्या शेजारी बसून तीच सवय लागलीय. लायसन्स मिळालं याचा आनंद किती झालाय ते फोनवर सांगितलंच, पण आता उजव्या सीटवर तुला टोकणारं कोणी नाही म्हणून हे लिहून पाठवतोय.

तू विचारलंस, बाबा फ्लेअर (टेकायच्या आधी नाक हळूच वर घेणं) कसा सुधारू. अगं फ्लेअर ठीक आहे तुझा, गडबड त्याच्या आधीची आहे. थ्रेशोल्डवर, म्हणजे रनवेच्या सुरुवातीला, तू ७५ नॉट्सला होतीस. तुझ्या सेसना १७२ एसच्या मॅन्युअलमध्ये फुल फ्लॅप्सला (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) ६० ते ७० दिलेत, शॉर्ट फील्डला, म्हणजे आखूड रनवेला, ६१. दहा नॉट्सनी काय होतं असं वाटेल, पण एनर्जी स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६५ च्या जागी ७५ आणलेस तर एक तृतीयांश एनर्जी जास्त घेऊन तू रनवेवर येतेस, आणि ती कुठेतरी खर्च तर व्हायलाच पाहिजे ना. तुझा विंगस्पॅन ३६ फूट, साधारण तेवढ्या उंचीच्या आत आलीस की ग्राउंड इफेक्टमुळे, म्हणजे जमीन जवळ असल्यामुळे, ड्रॅग (हवेचा विरोध) कमी होतो, मग विमान तरंगतच राहतं, रनवे संपत चाललेला दिसतो, जीव कासावीस होतो आणि हात आपोआप नोज खाली ढकलतो. हे मात्र कधीच करायचं नाही. नोजव्हील आधी टेकलं की उडी बसते, ती सावरायला परत ढकललं की दुसरी उडी आणखी मोठी, आणि मग नोज गिअर आणि फायरवॉल (इंजिनामागची भिंत) वाकायला वेळ लागत नाही. तुझ्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा रनवे २४४३ फूट आहे, तिथे फ्लोटला जागाच नाही.

म्हणून फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, वळलीस की एक एमिंग पॉइंट (रनवेवरची नेमाची जागा) धर आणि तो काचेत एकाच जागी आहे का ते बघत राहा. वर सरकला तर कमी पडणार, खाली सरकला तर पुढे जाणार. पॉवरने ते दुरुस्त कर, पिचने (नाक वर-खाली करून) स्पीड धर, ट्रिम नीट लाव म्हणजे हाताला झगडावं लागत नाही. आणि जमिनीजवळ आलीस की नजर उचलून रनवेच्या पार टोकाकडे ने. व्हिडिओत तुझी मान खालीच होती, नाकासमोरच्या डांबराकडे बघून उंची कळत नाही.

हाफ मून बेच्या विमानतळावर लँडिंग कडक झालं म्हणून तू वैतागलीस, पण त्याचं कारण सरळ आहे बघ. पालो आल्टोची पट्टी ७० फूट रुंद, तिकडची १५० फूट. रुंद रनवेवर डोळ्यांना आपण आहोत त्यापेक्षा खाली आलोय असं वाटतं, मग माणूस उंचावरच फ्लेअर करतो, विमान तिथेच दमतं आणि धप्पकन पडतं. उलट रुंद पट्टीची सवय झालेला माणूस अरुंद पट्टीवर फार खालून येतो, ते तर जास्त वाईट. नवीन फील्डवर जायच्या आधी लांबीबरोबर रुंदीही बघून जायची, एवढी सवय लावून घे.

क्रॉसविंडचं, म्हणजे आडव्या वाऱ्याचं, फार लिहीत नाही, तुझं क्रॅब (नाक वाऱ्याकडे वळवून येणं) छान आहे. फक्त टेकल्यावर एलेरॉन (पंखांच्या टोकाजवळच्या झडपा) सोडून देतेस, ते वाऱ्याच्या बाजूला धरून ठेव आणि स्पीड कमी होईल तसं वाढवत पूर्ण ने. १५ नॉट्स हा मॅन्युअलमधला आकडा टेस्ट पायलटने करून दाखवलेला आहे, तुझा आकडा अजून त्याच्या बराच खाली असू दे.

आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं. मैत्रिणी मागे बसलेल्या असताना गो-अराउंड करायला लाज वाटते असं तू हसत म्हणालीस, ते मला अजिबात आवडलं नाही. स्पीड जास्त, सेंटरलाइन सुटली, उडी बसली, काहीही असो, फुल थ्रॉटल, उजवा रडर पेडल, फ्लॅप्स आधी २० डिग्रीवर, ६० नॉट्सने चढायला लागलीस की मग बाकीचे हळूहळू. एकदम सगळे फ्लॅप्स उचलायचे नाहीत, विमान खाली बसतं. मी शिकवताना चांगल्या चाललेल्या अप्रोचलाही मुद्दाम गो-अराउंड करायला लावायचो, पोरं चिडायची, पण हात तयार व्हायचा.

आता टेकऑफ. ट्रकीला जायचं म्हणतेस जुलैत, तिथलं डोंगरातलं फील्ड ५९०० फुटांवर आहे. ३० डिग्री असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची, ९००० फुटांच्या वर जातं. नागपूरला मे महिन्यात ४५ डिग्रीला आमचं जवळपास ४९०० व्हायचं, तेवढ्यातच सेसना १५२ विमान इतकं आळशी व्हायचं की आम्ही पहाटेच सॉर्टी (उड्डाणं) संपवायचो. तुझं १८० हॉर्सपॉवरचं इंजिन ट्रकीला दुपारी पाऊण ताकदीवर आलं असं समज. मिक्श्चर लीन करून, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी करून, मगच टेकऑफ, पालो आल्टोसारखं फुल रिच नाही. डायलवर रोटेट (नाक उचलणं) ५५ नॉट्सलाच होईल पण जमीन फार वेगाने पळताना दिसेल, म्हणून लवकर उचलायचा मोह होईल, तो आवर. ग्राउंड इफेक्टमध्ये विमान उचललं जातं आणि मग चढतच नाही, समोर झाडं. उतरतानाही तसंच, वेग जास्त वाटतो म्हणून स्पीड कमी करायचा नाही, डायलवर जे आहे तेच खरं. आणि चार माणसं आणि फुल टाक्या हे १७२ ला जमत नाही, एक मैत्रीण नाराज झाली तरी चालेल.

तिकडच्या नियमात पॅसेंजर घ्यायला ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग पुरतात, पण तो कायद्यापुरता आकडा आहे, तेवढ्यावर मैत्रिणींना डोंगरात नेऊ नकोस. आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा ट्रकीला जाऊन ये, सकाळच्या थंडाव्यात. सगळ्यांची वजनं आणि इंधन किती ते शनिवारी फोनवर सांग, चार्ट मी काढून ठेवलाय, टेकऑफचं अंतर आपण दोघं मिळून काढू.

तुझे बाबा