प्रशिक्षकांना बटईदाराच्या शेतावर न्या

महोदय,
नागपूरच्या वनामती या राज्याच्या कृषी प्रशिक्षण संस्थेत आणि विभागांतल्या रामेती या प्रादेशिक प्रशिक्षण संस्थांत कृषी खात्याचे प्रवीण प्रशिक्षक घडतात. तंत्रज्ञानाइतकेच त्यांना हेही शिकवा, की योजना कुणापर्यंत पोहोचत नाही हे गावात ऐकून धोरण ठरवणाऱ्यांपुढे कसे मांडायचे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने बटईदार (पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याचे शेत कसणारे), कुळे, शेतमजूर या साऱ्यांना शेतकरी मानले. तरी २०१९ मध्ये आलेल्या पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्यालाच मिळतात. आमच्याकडे तोंडी बोलीवर शेत कसणाऱ्या कितीतरी बाया आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही, पीक पाहणीतही नाही. गारपीट झाली की पंचनामा मालकाच्या नावे होतो, बियाण्या-खताची उधारी मात्र तिच्या डोक्यावर! ग्रामसभेत ती मागे बसते, बोलत नाही. तिला बोलते करण्याचे कसब सभागृहातल्या स्लाइड पाहून कसे येणार? प्रशिक्षणातले निदान दोन दिवस अशा घरी, अशा शेतावर घालवावेत. तिथे ऐकलेले लेखी स्वरूपात कृषी आयुक्तालयाकडे जावे आणि त्यावर काय केले, हे गावाला कळवणे बंधनकारक करावे.

– एक शेतकरी, यवतमाळ