दारू सुटली, आता बिडीही सुटू दे

रॉचेस्टर, मिनेसोटा

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आले आणि अजून बाटलीला शिवले नाहीत, हे ऐकून फार बरं वाटलं. तू काय काय सोसलंस ते मला माहीत आहे. पण परवा व्हिडिओवर ते ओट्यावर दिसले. एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटवत होते. तू म्हणालीस, "ओढू दे रे, दारूपेक्षा बरी." आईसमोर बोलता येईना, म्हणून हे पत्र.

इथल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1972 ते 1983 मध्ये दारू आणि इतर नशांवर भरती होऊन उपचार घेतलेल्या इथल्याच 845 जणांचं पुढं काय झालं ते पाहिलं आणि 1996 साली छापलं. तोवर 222 जण वारले होते. मृत्यूचे दाखले काढले, तर निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूनं गेलेले. दारूनं गेलेले साधारण एक तृतीयांश. अक्का, दारूतून सोडवायला आणलेली माणसं तंबाखूनं नेली!

आपल्या घरात बिडीला कुणी वाईट म्हणत नाही. कसं म्हणणार? आईनं टेंभुर्णीची पानं कातरून, हजाराच्या हिशेबानं बिड्या वळून आपल्याला शिकवलं. तिला यातलं काही बोलू नकोस. पण कारखान्यातून नापास होऊन परत आलेल्या बिड्या दाजींच्या हाती लागू देऊ नकोस. टपरीवरचा मावाही बंद कर. दारू आणि तंबाखू दोन्ही इतकी वर्षं चालली की तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होतो. त्यांना आ करायला सांग. तीन बोटं उभी आत जातात का बघ. ती जात नसली, किंवा पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली, तर लगेच सिव्हिलला ने.

बिडी सोडवली तर परत पितील, ही तुझी भीती खरी वाटते. केंद्रातही त्यांना तेच सांगितलं होतं. पण अभ्यासांत उलटंच दिसलंय: उपचारात तंबाखू सोडायला मदत मिळालेल्यांची दारू जास्त टिकून सुटलेली राहते.

1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे, तंबाखू सोडायला मदत करतात. फोन दाजींनाच लावू दे. डॉक्टरांनी निकोटिनचा च्युइंगम सांगितला तर त्याचे पैसे मी पाठवतो.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू