फिश कॅम्पवरच्या आजीला

आजी,

हे पत्र मराठीत लिहितेय. मी ते तुझ्या नातीला इंग्रजीत वाचून दाखवीन, ती तुला युपिकमध्ये सांगेल. वाटेत थोडं सांडेल, पण आईबद्दल मला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नाही. आणि तू काय केलंस ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

एप्रिलमध्ये आई गेली तेव्हा मी इथे, अलास्कातल्या बेथेलला होते. इथून बाहेर पडायला सडक नाही. विमानाने आधी अँकरेज गाठायचं, तिथून अर्धी पृथ्वी ओलांडायची. कामाच्या ठिकाणी तीन दिवसांची रजा मिळाली. तीन दिवसांत मी अर्नाळ्याला पोचले तरी असते का? मी विनवणी केली, तर नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. आपल्या भाषेतली, दर गणपतीला हक्काने वर्गणी मागणारी माणसं फोनवर म्हणाली, "आता जाऊन तरी काय करणार?" भावाने मोबाइलवर चिता दाखवली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हे मी विसरलेले नाही.

मग जूनमध्ये तुझा निरोप आला. तुझी नात आणि माझी लेक एका बाकावर बसतात, एवढीच आपली ओळख. "नवऱ्याला, मुलीला घेऊन कॅम्पवर ये, मासे कापायला हात हवेत." सांत्वनाचा एक शब्द नाही. तू मला कामाला बोलावलंस.

कुस्कोक्विम नदीच्या काठाला होडी लागली आणि मी जागीच थांबले. समोर खांब, खांबांवर आडवी लाकडं, त्यांवर सामन मासे वाळत टाकलेले. आमच्याकडे याला वलांडी म्हणतात. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, दोन-दोन, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. आईने तेच केलं जन्मभर. आगोटीच्या आधी म्हावरं वाळवून घरात आणायचं, मग पावसाळाभर तेच पुरवून खायचं. तूही मला तेच सांगितलंस: जूनमधलं ऊन-वारा धरायचा, जुलै-ऑगस्टच्या पावसात मासा नीट सुकत नाही, माश्या बसतात. समुद्र वेगळा, नदी वेगळी, पण आभाळाकडे बघायची नजर तीच.

तू मला उलुआक दिलीस. अर्ध्या चंद्रासारखं पातं, वर मूठ. मी कोयतीवर वाढलेली, पहिल्या दिवशी दोन मासे फाडूनच टाकले. तू रागावली नाहीस. माझा हात हातात घेऊन पातं काट्याच्या कडेने सरकवलंस, दोन्ही बाजू सोडवल्यास, शेपटीपाशी जोड राखलास, म्हणजे मासा लाकडावर दोन्हीकडे लोंबतो. मग मांसावर आडव्या चिरा, वारा आत शिरावा म्हणून. आठवड्याभरात माझा मासा तुझ्या माशांच्या ओळीत टांगला गेला. नंतर धुराचं घर, कॉटनवुडच्या लाकडाचा मंद धूर. ओढणीला तो वास अजून आहे, मी ती धुतलेली नाही.

मासा मुबलक असता तर गोष्ट निराळी होती. किंग सामन कितीतरी वर्षांपासून घटलाय. जाळी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांपुरतीच टाकता येतात. तुमच्या हिवाळ्याच्या तोंडचा तो घास, आणि त्यातला वाटा तू आम्हांला दिलास, लेकीच्या हातात माशांची डोकी उकडून दिलीस, नवऱ्याला जाळं ओढायला घेतलंस.

पण मी लिहायला बसले ते एका संध्याकाळसाठी. अकरा वाजून गेलेले, तरी उजेड होता. डास घोंघावत होते, सगळे जेवायला बसले होते. तू मला विचारलंस, "आईचं नाव काय?" मी सांगितलं. तू ते म्हणून पाहिलंस, चुकलीस, पुन्हा म्हटलंस, पुन्हा चुकलीस. तिसऱ्यांदा अगदी बरोबर. मग माशाचा एक चिमूटभर तुकडा मोडलास आणि जमिनीवर ठेवलास. थोडं पाणी ओतलंस. आणि जेवू लागलीस.

मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडेही गेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवतात, कावळ्याची वाट बघतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भावाने ठेवलेला तो घास मी पाहू शकले नव्हते. तुझ्या अंगणात मी तो पाहिला. एप्रिलनंतर पहिल्यांदा मी रडले, आणि कुणीही "रडू नको" म्हटलं नाही. तुझ्या सुनेने फक्त माझ्या थाळीत मासा वाढला.

मी विचार करते, तुला काय गरज होती? त्या नावाशी तुझं कुठलंही नातं नव्हतं. शिकलेल्या, पदावरच्या माणसांना फोन करून, अर्ज लिहून जे मागितलं ते मला मिळालं नाही, आणि तू मात्र ओळखीचा दाखलाही न मागता तिसऱ्यांदा चुकू नये म्हणून ओठ हलवत बसलीस. अशी माणसं आहेत म्हणून परक्या मुलखात राहता येतं. अशी माणसं नसती तर मी बॅग भरली असती, खरंच सांगते.

तुझ्या भाषेतला एक शब्द मला नीट येतो, आभाराचा. कुयाना, आजी. आईच्या वतीनेही.

या जूनला नदीवर पहिला दिवस कधी मिळतो ते कळव. मीठ आम्ही घेऊन येतो. आणि या वेळी उलुआक मी घरून धार लावून आणीन.

तुझी,
अर्नाळ्याची लेक